ग्रांटचें स्मारक आणि जमशेटजींचें रुग्णालय

मुंबईंत भायखळ्यास असलेलें सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालय आणि त्याच्या शेजारचें ग्रांट वैद्यकीय महाविद्यालय यांचीं नांवें जोडीनें घेण्याची लोकांस इतकी सवय झाली आहे कीं, दोन्ही संस्था एकाच देणगींतून निघाल्या असा समज पुष्कळांचा आढळतो. कोणी म्हणतात, गव्हर्नर ग्रांट वारला म्हणून त्याच्या स्मरणार्थ जमशेटजींनीं रुग्णालय बांधून दिलें. कोणी असेंहि सांगतात कीं, रुग्णालय सरकारचें असून जमशेटजींचें केवळ नांव त्यास दिलें आहे. हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि ते चुकीचे आहेत हें ठरविण्यास दोन तारखा पुरतात. तथापि केवळ चूक दाखविण्यासाठीं आम्हीं हा लेख लिहिण्यास घेतला नाहीं. मृत मनुष्याच्या नांवें लोकांकडून पैसा गोळा करून त्यांतून रोग्यांची सोय करावयाची, ही चाल आपल्याकडे कशी रुजली याचें हें एक आरंभीचें आणि नीट तपासतां येण्याजोगें उदाहरण आहे, आणि त्याचा धागा शेवटीं आमच्या वाचकांच्या संग्रहांपर्यंत येऊन पोंचतो.

प्रथम जुनी रीत काय होती तें पाहूं. आपल्या देशांत गेलेल्या माणसाची आठवण ठेवण्याचे मार्ग ठरलेले होते. राजा किंवा सरदार वारला तर समाधि किंवा छत्री बांधावी. वानवडीस महादजी शिंद्यांची छत्री आहे, ती सर्वांच्या पाहण्यांतील आहे. घाट, दीपमाळ, धर्मशाळा, अन्नछत्र, पाणपोई हीं त्याच जातीचीं. या सर्वांत एक गोष्ट समान असे: खर्च एका घराचा. पुण्य ज्याचें, पैसाहि त्याचाच. परक्या घरच्या माणसानें त्यांत चार रुपये घालावे आणि त्याचें नांव यादींत चढावें, असा प्रकार त्यांत सहसा नसे. अनेकांनीं मिळून द्रव्य उभारण्याचे शब्द मात्र आपल्या भाषेंत होतेच. पट्टी म्हणजे वरून बसविलेली रक्कम. वर्गणी म्हणजे आपसांत वांटून घेतलेली. मोल्सवर्थच्या कोशांत वर्गणी हा शब्द याच अर्थानें आलेला आहे. देवळाच्या उत्सवास, गांवच्या विहिरीस वर्गणी होत असे. जो आपला नातलग नव्हे, जातीचा नव्हे, धर्माचाहि नव्हे, अशा मृताच्या नांवें वर्गणी करावयाची, ही गोष्ट मात्र नवी होती. ती इंग्रजी अमदानींत आली आणि मुंबईंत ती प्रथम जिवंत मनुष्यासाठीं झाली. १८२७ सालीं माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नरीवरून परत गेला, तेव्हां त्याच्या नांवें अध्यापक नेमण्यासाठीं दोन लाखांहून अधिक रुपये जमले. पुढें एल्फिन्स्टन कॉलेज निघालें तें या निधींतून. पुतळाहि झाला, पण पुतळ्याहून शिक्षणसंस्था हें अधिक योग्य स्मारक, ही कल्पना तेव्हांपासून मुंबईच्या शेट-सावकारांच्या मनांत बसली.

आतां ग्रांटकडे वळूं. सर रॉबर्ट ग्रांट हा कंपनीचा प्रसिद्ध डायरेक्टर चार्ल्स ग्रांट याचा मुलगा. जन्म १७७९, तोहि बंगाल्यांत. विलायतेंत पार्लमेंटचा सभासद असतां ज्यू लोकांवरील राजकीय निर्बंध काढून टाकावे म्हणून त्यानें बिल आणिलें होतें, आणि त्याचीं कांहीं ख्रिस्ती स्तोत्रें अद्यापि देवळांतून म्हटलीं जातात. १८३५ च्या मार्चांत तो मुंबईचा गव्हर्नर झाला. मराठ्यांच्या इतिहासांत त्याचें नांव फारसें येत नाहीं, कारण त्याच्या कारकीर्दींत कोणतें मोठें युद्ध झालें नाहीं. आणि इतिहासलेखकांची एक खोड अशी कीं, ज्याच्या वेळीं तोफा वाजल्या नाहींत त्याच्या वेळीं कांहीं घडलेंच नाहीं असें ते धरून चालतात.

मुंबईंत एतद्देशीयांस वैद्यक शिकविण्याचा एक प्रयत्न ग्रांटच्या आधींच होऊन बसला होता. १८२६ सालीं डॉ. जॉन मॅक्लेनन याच्या देखरेखीखालीं एक शाळा निघाली. तींतील शिक्षण देशी भाषांतून चाले. सहा वर्षांनीं, १८३२ सालीं, सरकारनें ती बंद केली. मराठींतून शास्त्र शिकविण्याचा हा इतका जुना उद्योग अकालीं मोडला, याची हळहळ आम्हांस वाटते, आणि त्या शाळेच्या कामीं लिहिलेलें एखादें मराठी टिपण कोणाच्या घरीं असेल तर तें ग्रंथांइतकेंच मोलाचें मानावें असें आमचें मत आहे. ग्रांटनें तोच प्रश्न पुनः हातीं घेतला. १८३५ सालीं मुंबईंत डॉक्टर लोकांची मेडिकल अँड फिजिकल सोसायटी स्थापन झाली होती व डॉ. चार्ल्स मोरहेड हा तिचा चिटणीस होता. हाच मोरहेड ग्रांटचा खासगी वैद्य. शाळा कां मोडली, नवी काढावयाची तर कोणत्या भाषेंत, विद्यार्थी कोठून आणावे, अशा प्रश्नांचा विचार या मंडळींकडून करवून ग्रांटनें आपली योजना तयार केली. ती देशी भाषेच्या शाळेची नव्हती, इंग्रजी कॉलेजाची होती.

परंतु वैद्यकाचें कॉलेज म्हटलें कीं त्याच्या शेजारीं रोग्यांच्या खाटा हव्या. खाटेपाशीं उभें राहिल्यावांचून ही विद्या येत नाहीं. येथें जमशेटजींचा संबंध येतो. १६ मार्च १८३८ या दिवशीं त्यांनीं रुग्णालयासाठीं एक लाखावर रुपये देऊं केले. ग्रांट त्या वेळीं जिवंत होता, गव्हर्नर होता, आणि पुढें जवळजवळ चार महिने जगला. तेव्हां रुग्णालय हें ग्रांटचें स्मारक नव्हे, ही गोष्ट या एका तारखेनें सिद्ध होते. तें एका जिवंत मनुष्याचें दान होतें, आणि सर्व जातींच्या गोरगरिबांसाठीं होतें.

हें दान कोणत्या पैशांतून आलें याचाहि उल्लेख केला पाहिजे, कारण आमच्याकडील चरित्रकार तो बहुधा गाळतात. जमशेटजींचा जन्म १७८३ चा. तरुणपणींच त्यांनीं चीनच्या सफरी सुरू केल्या. १८०५ सालीं 'ब्रन्सविक' नांवाच्या जहाजावर असतां फ्रेंचांनीं तें जहाज पकडलें. त्याच जहाजावर विल्यम जार्डीन हा डॉक्टर म्हणून होता. त्या संकटांत झालेली ओळख पुढें व्यापारांत उपयोगी पडली. जार्डीन यानें वैद्यकी सोडून कॅंटनास पेढी घातली आणि मुंबईहून जमशेटजी तीस कापूस व अफू पाठवूं लागले. ही अफू माळव्याची, म्हणजे बहुतांशीं शिंदे-होळकरांच्या मुलुखांत पिकलेली. दौलतराव व यशवंतराव यांच्या पश्चात् त्या दोन दौलतींची सत्ता आटली, परंतु त्यांच्या रयतेच्या शेतांतून निघालेला माल मुंबईच्या बंदरांतून चीनला जात होता आणि त्याच्या नफ्याचा एक अंश भायखळ्याच्या भिंतींत बसला. १८३९ सालीं चीनच्या बादशहाचा अधिकारी लिन यानें कॅंटन येथें वीस हजारांवर पेट्या अफू जप्त करून नष्ट केली, तेव्हां मुंबईचे व्यापारी हवालदिल झाले. जमशेटजींची देणगी त्याच्या आदल्या वर्षींची आहे. हें आम्ही दोष देण्यासाठीं सांगत नाहीं. तीच अफू वैद्याच्या हातीं वेदना शमविते आणि व्यापाऱ्याच्या हातीं देश नासविते. परंतु दानपत्राचा अभ्यास करतांना दात्याचें उत्पन्न कोठून येतें हें आपण यादवांच्या व शिलाहारांच्या ताम्रपटांत बारकाईनें पाहतों, तें येथें कां पाहूं नये?

आतां दुसरी तारीख. ९ जुलै १८३८ रोजीं पुण्याजवळ दापोडी येथें सर रॉबर्ट ग्रांट वारला. पुण्यास लष्करांत सेंट मेरीच्या देवळांत त्यास पुरलें. योजनेस मंजुरी मिळाल्याची तारीख १८ जुलै १८३८ ही आहे. म्हणजे मृत्यूनंतर केवळ नऊ दिवस. इतक्या अल्प अवधींत नवी योजना निघून मंजूर होणें शक्य नव्हतें. त्यावरून उघड होतें कीं, कॉलेजाचा विचार हा मृत्यूच्या हळहळींतून निघालेला नसून ग्रांटनें हयातींत चालविलेल्या पत्रव्यवहाराचें तें फळ होतें. हळहळींतून निघालें तें कॉलेजाचें नांव, आणि इमारतीचा निम्मा पैसा.

हा निम्मा पैसा कसा ठरला तें पाहण्यासारखें आहे. ग्रांटच्या जागीं जेम्स फॅरिश हा कामचलाऊ गव्हर्नर झाला. त्याच्या अध्यक्षतेखालीं मुंबईच्या टाउन हॉलांत सभा भरली आणि ठरलें तें असें कीं, दिवंगत गव्हर्नराचें स्मारक म्हणून वैद्यकीय कॉलेज बांधावें, त्यास ग्रांटचें नांव द्यावें, आणि इमारतीचा अर्धा खर्च वर्गणीदारांनीं व अर्धा कंपनी सरकारनें सोसावा. या वांटणींत मोठी हुशारी आहे. लोकांनीं नुसती वर्गणी जमविली असती तर तिचा एक पुतळा झाला असता. सरकारनें नुसता हुकूम काढला असता तर १८३२ प्रमाणें दुसऱ्या हुकमानें तें कॉलेज बंद झालें असतें. निम्मी रक्कम लोकांची असल्यामुळें, आणि तीहि एका मृताच्या नांवें वाहिलेली असल्यामुळें, मोडणें अवघड झालें. मॅक्लेननची शाळा सहा वर्षांत गेली. ग्रांटचें कॉलेज अद्यापि चालू आहे. या फरकाचें सर्व श्रेय आम्ही वर्गणीस देत नाहीं, पण कांहीं श्रेय तिचें आहे.

येथें एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. नवा गव्हर्नर अध्यक्षस्थानीं बसला असतां वर्गणीच्या कागदावर सही करणारा शेट शोकानें सही करतो कीं भीडेनें? ग्रांटचा भाऊ लॉर्ड ग्लेनेल्ग त्या वेळीं विलायतेंत वसाहतखात्याचा मंत्री होता, हेंहि मुंबईकरांस ठाऊक असलेंच पाहिजे. मुंबईंत नंतर नंतर अशी रीतच पडली. फॅरिश, कार्नॅक, अँडरसन, एकामागून एक गव्हर्नर व हंगामी गव्हर्नर यांच्या नांवें याच कॉलेजांत शिष्यवृत्त्या निघाल्या. जाणाऱ्या साहेबाच्या पाठीमागें वर्गणी ही जणूं निरोपाच्या नारळासारखी झाली. असें असलें तरी आमचें मत ग्रांटच्या बाबतींत थोडें निराळें आहे. विलायतेस परत गेलेला साहेब डायरेक्टरांच्या कानीं लागून कांहीं करूं शकतो. दापोडीस मेलेला साहेब कोणाचेंच भलें करूं शकत नाहीं. त्याच्यासाठीं दिलेल्या रुपयांत भीड असेल, परंतु आशा नाहीं. आणि भीडेचा म्हणून रुपया खोटा ठरत नाहीं. खाटेवरच्या रोग्यास तो सारखाच लागू पडतो.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. रुग्णालयाचा कोनशिला-समारंभ ३ जानेवारी १८४३ रोजीं झाला. तो फ्रीमेसन लोकांच्या विधीनें झाला व डॉ. जेम्स बर्न्स यानें कोनशिला बसविली. कॉलेजाची कोनशिला त्याच वर्षीं ३० मार्चास बसली. रुग्णालय १५ मे १८४५ रोजीं उघडलें, कॉलेजाची इमारत ऑक्टोबरांत पुरी झाली व नोव्हेंबरांत वर्ग सुरू झाले. ग्रांटच्या मृत्यूस तेव्हां सात वर्षें होऊन गेलीं होतीं. कोनशिला बसण्याच्या आदल्या वर्षीं, १८४२ सालीं, जमशेटजींस 'सर' हा किताब मिळाला होता आणि १८५७ सालीं ते बॅरोनेट झाले. कॉलेजाचा पहिला मुख्याध्यापक म्हणून नेमणूक झाली ती डॉ. मोरहेड याची. ज्या गव्हर्नराची नाडी त्यानें पाहिली होती, त्याच्याच नांवाच्या कॉलेजांत तो शिकवूं लागला. १८५६ सालीं हिंदुस्थानांतील रोगांवर त्यानें मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतील अनुभवाचा पुष्कळ भाग जमशेटजींच्या रुग्णालयांतील रोग्यांचा आहे. मोरहेडनें ग्रांटविषयीं बोलून काय दाखविलें यापेक्षां त्यानें आपलें आयुष्य कोठें खर्चिलें हा आम्हांस अधिक भरंवशाचा पुरावा वाटतो.

१८५१ सालीं या कॉलेजांतून पहिले पदवीधर बाहेर पडले. ते आठ होते. त्यांपैकीं डॉ. आत्माराम पांडुरंग हे १८६७ सालीं प्रार्थना समाजाच्या स्थापनेंत अग्रभागीं होते आणि १८८३ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या स्थापकांतहि होते. डॉ. लिस्बोआ यांनीं मुंबई इलाख्यांतील गवतांवर पुस्तक लिहिलें. तिसरे, आणि आमच्या वाचकांस सर्वांहून जवळचे, डॉ. भाऊ दाजी लाड.

भाऊ दाजींविषयीं येथें नवें सांगण्यासारखें थोडें आहे, पण जें आहे तें या विषयास लागून आहे. मूळचे गोमंतकाचे, मांजऱ्याचे. मुंबईंत शिकले, ग्रांटच्या कॉलेजांतून वैद्य झाले, आणि धंद्यांत मिळालेला पैसा जुन्या लेखांच्या व पोथ्यांच्या पाठीस लावला. जुनागडचे भगवानलाल इंद्रजी यांस त्यांनीं आपल्याजवळ ठेविलें, देशभर फिरविलें, शिलालेखांच्या नकला करविल्या. अजिंठ्याच्या लेखांवर त्यांचा निबंध आहे. गिरनारच्या लेखांवर आहे. आर्यभटाच्या ग्रंथाच्या पोथ्या त्यांनीं दक्षिणेंतून मिळविल्या आणि त्याच्या काळाविषयीं १८६५ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत लेख लिहिला. सकाळीं रोगी, दुपारीं पोथ्या, असा त्यांचा क्रम सांगतात. क्रम कसाहि असो, रोग्यांवांचून पोथ्या मिळाल्या नसत्या हें निश्चित. कॉलेज नसतें तर ही कमाई नव्हती, वर्गणी नसती तर तें कॉलेज निदान त्या सालीं नव्हतें. अजिंठ्याच्या लेखांच्या वाचनापासून मागें मागें जात गेलें तर आपण १८३८ च्या एका यादीशीं येऊन थांबतों, आणि त्या यादींतील बहुतेक माणसांस अजिंठ्याचें नांवहि माहीत नसावें.

भाऊ दाजी १८७४ सालीं वारले. त्यांच्या मागेंहि वर्गणी झाली. या वेळीं मात्र मृत मनुष्य आपल्यांतला होता, गव्हर्नर नव्हता, आणि वर्गणीदारांवर कोणा अध्यक्षाची भीड नव्हती. त्यांच्या नांवें मुंबई विद्यापीठांत संस्कृताचें पारितोषिक निघालें. त्यांच्या संग्रहांतील हस्तलिखितें एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेकडे आलीं, प्रा. ह. दा. वेलणकर यांनीं तयार केलेल्या त्या संस्थेच्या वर्णनात्मक सूचींत तीं 'भाऊ दाजी संग्रह' म्हणून वेगळीं ओळखतां येतात. ज्या राणीच्या बागेंतील संग्रहालयासाठीं भाऊ दाजींनीं जॉर्ज बर्डवुड याच्या जोडीनें लोकांकडून पैसे मागितले, त्यास व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट हें नांव शंभरावर वर्षें राहिलें आणि १९७५ सालीं तें बदलून भाऊ दाजींचें देण्यांत आलें. एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय टाउन हॉलांतच आहे. ज्या इमारतींत ग्रांटच्या स्मारकाचा ठराव झाला, त्याच इमारतींत त्या स्मारकाच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकीं एकाच्या पोथ्या कपाटांत आहेत. पोथी मागवून घेणाऱ्या अभ्यासकाच्या हें सहसा ध्यानांत येत नाहीं, आणि आमच्याहि बरेच दिवस आलें नव्हतें.

ग्रांटचें काय झालें? मुंबईच्या लोकांनीं त्याचें नांव टिकविलें तें १८४० सालीं खुल्या झालेल्या रस्त्यासाठीं आणि नंतरच्या रेल्वेच्या स्टेशनासाठीं. रोग्यांनीं 'जे. जे.' हीं दोन अक्षरें घेतलीं. स्मारकाचा हेतु मृताचें नांव टिकविणें एवढाच असता तर वर्गणीदारांचा अर्धा पैसा वायां गेला असें म्हणावें लागेल. परंतु तो हेतु एवढाच होता असें आम्हांस वाटत नाहीं. हें ठरविण्यास त्या यादीचा अभ्यास झाला पाहिजे: कोणी किती दिले, कोणत्या जातीचे व धंद्याचे किती होते, पारशी, भाटे, प्रभु, सारस्वत, बोहरी यांचें प्रमाण काय, रकमा गोल आहेत कीं सवाई-पावणीच्या आहेत, आणि एखादा देणारा असा सांपडतो काय कीं ज्याच्या घरीं नुकताच कोणी औषधावांचून गेला होता. ही शेवटची गोष्ट छापील यादींत नसते. ती घरच्या कागदांतच मिळते.

म्हणून आमची संग्राहकांस विनंति आहे. १८३८ च्या सुमारास बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' मुंबईंत इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत निघत होतें. १८३२ ते १८४० च्या दरम्यानचे त्याचे सुटे अंक ज्यांच्याजवळ असतील त्यांनीं जुलै ते डिसेंबर १८३८ चे अंक पाहावे. 'मुंबई समाचार' १८२२ पासूनचा असल्यामुळें त्याचे गुजराती अंकहि उपयोगी आहेत. पेढ्यांच्या वह्यांत स्मारकाच्या वर्गणीची रक्कम धर्मादाय खातीं, किंवा कित्येकदां किरकोळ खर्चांत पडलेली असण्याचा संभव आहे. खात्याचें नांव कसें घातलें आहे तें जसेंच्या तसें उतरून घ्यावें, कारण देणाऱ्यानें ती रक्कम पुण्यांत धरली कीं सरकारदरबारच्या खर्चांत, तें त्यावरूनच कळेल. मोडी रुमाल सोडतांना पावती, सभेचें निमंत्रण किंवा वसुलीची चिठी मिळाली तर ती मूळ रुमालांतून काढून निराळी ठेवूं नये. तिच्या मागचा व पुढचा कागद कोणता होता हें टिपून मगच नक्कल आमच्याकडे पाठवावी.